रात्री 'डिसेबल्ड' केलं, सकाळी वायफाय गायब

सपोर्टच्या कामाला लागून दोन महिने झाले होते आणि माझाच लॅपटॉप रखडत चालत होता. एका रात्री विंडोजच्या सर्व्हिसेसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी उघडली आणि नाव ओळखीचं नाही ती प्रत्येक सर्व्हिस 'डिसेबल्ड' करत सुटलो. पंधरा-सोळा तरी असतील. सगळं चालू राहिलं, म्हणून खुशीत झोपलो. सकाळी वायफायची यादीच दिसेना.

दीड दिवस घालवला. ड्रायव्हर दोनदा काढून घातला, कार्डच गेलं असंही ठरवून टाकलं. वायफाय सांभाळणाऱ्या 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' सर्व्हिसला मी हात लावला नव्हता, ती ऑटोमॅटिकवरच होती. तरी स्टार्ट दाबलं की एरर १०६८. म्हणजे ही सर्व्हिस धडधाकट आहे, हिला जी लागते ती उठलेली नाही. ती होती 'विंडोज कनेक्शन मॅनेजर'. डायल-अपच्या काळातलं काहीतरी असेल, असं समजून मीच तिचा गळा आवळला होता.

आता हे नीट वाचा, कारण इथेच फसायला होतं. स्टार्टअप टाइप, म्हणजे सर्व्हिस कशी सुरू व्हायची ती सेटिंग, 'डिसेबल्ड' केला म्हणून चालू असलेली सर्व्हिस थांबत नाही. तो बदल पुढच्या रीस्टार्टला लागू होतो. म्हणजे रात्री 'सगळं चालतंय' हे बघण्याला काडीचा अर्थ नव्हता. शिवाय 'स्टॉप' दाबलं तर विंडोज निदान विचारते, हिच्यासोबत अमुक-तमुकही थांबतील, चालेल का? स्टार्टअप टाइप बदलताना ती चकार शब्द काढत नाही. म्हणून आधी त्या सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमधला 'डिपेन्डन्सीज' टॅब उघडा. वरच्या चौकटीत हिला कोण लागतं ते असतं, खालच्या चौकटीत हिच्यावाचून कोणाचं अडतं ते. खालची वाचा. मी दोन्ही वाचल्या नव्हत्या.

आणि अडकलातच तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून सिस्टम लॉगमध्ये ७००१ क्रमांकाची नोंद शोधा. कोण कोणामुळे अडलं, दोघांची नावं तिथे असतात. हे मला एका सीनियरने अर्ध्या मिनिटात दाखवलं, तेही 'एवढं कळत नाही?' असं ऐकवून. असे सीनियर टोचतात, पण फुकटच्या 'स्पीड बूस्ट' बॅच फाइल (एका क्लिकमध्ये ढीगभर कमांड चालवणाऱ्या फाइली) वाटणाऱ्यांपेक्षा शंभर पटीने बरे. त्या फाइली तर चालवूच नका; काय बदललं हेच तुम्हाला सांगता येणार नाही.

घाबरू मात्र नका. मशीन सुरू होत असेल तर टाइप पुन्हा पूर्वीचा केला की बहुतेक गोष्टी परत येतात, फक्त पूर्वीचा कोणता होता ते आधी लिहून ठेवलेलं हवं. शंका असेल तिथे 'डिसेबल्ड'ऐवजी 'मॅन्युअल' ठेवा. मॅन्युअल म्हणजे तुम्ही हाताने सुरू करायची असं नाही. गरज पडली की दुसरी सर्व्हिस किंवा विंडोज तिला उठवते. 'मॅन्युअल'वर निपचित पडलेली सर्व्हिस डिसेबल करून वेग वाढत नाही, ती मुळात चालूच नसते. प्रिंटर नाही म्हणून 'प्रिंट स्पूलर' बंद कराल तर पीडीएफवर प्रिंट काढणंही जाईल. 'सिसमेन', म्हणजे जुनं सुपरफेच (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवणारी सर्व्हिस), जुन्या हार्ड डिस्कवर डिस्क सतत १०० टक्क्यांवर अडकत असेल तर बंद करून पाहा.

माझ्या लॅपटॉपचं दुखणं शेवटी निघालं टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये. लॉगिन होताच नऊ प्रोग्रॅम एकदम उठत होते, आणि त्यातले सात मीच कधीतरी इन्स्टॉल करून विसरलो होतो.