वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जन कसा पारखायचा

मी निपाणीत एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसते. माझं वजन उतरलेलं लोकांच्या डोळ्यावर यायला लागलं, तेव्हापासून कर्जापेक्षा याच चौकशीला माणसं जास्त येतात. "अक्का, कुणाकडं केलंस? किती घेतले?" नाव आणि आकडा मिळाला की झालं, अशा बेतानं खुर्ची ओढतात. मी नाव शेवटी सांगते. आधी विचारते, घरी आल्यावर दहाव्या रात्री दोन वाजता पोटात कळ आली तर फोन कुणाला लावणार आणि गाडी कुठं नेणार? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. आमच्याकडं सही करताना सगळेच जामीनदार हसतमुख असतात. हप्ता थकल्यावर जो फोन उचलतो, तो खरा. सर्जनही मी त्याच मापानं बघितला.

डॉक्टरकडं जाण्याआधी स्वतःचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, काढा. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं आणि त्या आकड्यानं किलोतल्या वजनाला भागायचं. माझी उंची १५५ सेंटिमीटर, वजन होतं १०४ किलो, म्हणजे बीएमआय ४३. २०२२ साली सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नियम सुधारले: ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार असो-नसो ऑपरेशनचा सल्ला देता येतो, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करता येतो, आणि आपल्या आशियाई लोकांसाठी हा आकडा २७.५ पर्यंत खाली येतो. विमा कंपनीचा हिशेब मात्र वेगळा. पॉलिसीत साधारण ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि जोडीला आटोक्यात नसलेला टाइप दोन मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार, अशी अट असते; शिवाय प्रतीक्षाकाळ असतो तो वेगळाच. डॉक्टर हो म्हणाला म्हणजे कंपनी पैसे देणार असं समजू नका. आणि लग्न तोंडावर आलंय म्हणून दहा-बारा किलो कमी करायचेत, अशा माणसाला जो सर्जन लगेच तारीख देतो, त्याच्या दारातनं परत फिरा.

कागद तपासणं सोपं आहे, आणि तेच कुणी करत नाही. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असायलाच पाहिजे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये नाव टाकून घरबसल्या बघता येतं. आपल्या भागात एक गोंधळ होतो: बेळगावचा डॉक्टर कर्नाटक मेडिकल काउन्सिलच्या यादीत, कोल्हापूरचा महाराष्ट्राच्या. एका यादीत नाव नाही म्हणून बोगस म्हणू नका, दुसरी बघा. जनरल सर्जरीतली एमएस किंवा डीएनबी ही पदवी हवी आणि त्यावर दुर्बिणीच्या व वजनाच्या ऑपरेशनचं वेगळं प्रशिक्षण हवं. ते कुठं आणि किती महिने घेतलं, हे बेधडक विचारा. ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडिया या संघटनेचं सभासदत्व असेल तर चांगलंच, पण ती पदवी नव्हे. 'वेट लॉस क्लिनिक' अशी पाटी कुणीही लावतं. आत ऑपरेशन कोण करणार ते पाटीवर नसतं.

आता मुख्य गोष्ट, पहिली भेट.

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मला आधी काचेच्या केबिनमध्ये बसवलं. तिथली काउन्सेलर पोरगी टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो सरकवत होती. महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर पॅकेजमध्ये सूट, असंही म्हणाली. सर्जन आले, उभ्या उभ्याच "हो जायेगा मॅडम" म्हणाले आणि गेले. फाईल उघडलीसुद्धा नाही. बाहेर आल्यावर आत्ती म्हणाल्या, "डॉक्टर नक्की कोण गं? त्यो का ती पोरगी?"

ज्यांच्याकडं शेवटी ऑपरेशन केलं, त्या कोल्हापूरच्या सर्जननी पहिल्यांदा माझे दात बघितले. "गाव निपाणी म्हणताय. मिश्री लावता?" मी म्हटलं, कधीतरी. "कधीतरी म्हणजे सकाळी आणि जेवल्यावर ना?" आत्ती तोंडाला पदर लावून हसल्या, त्यांचीच डबी मी वापरायची. तंबाखूच्या गावात हा प्रश्न न विचारणारा डॉक्टर माणसाला बघतच नाही, असं माझं मत झालंय. विडी असो, गुटखा असो की मिश्री, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आतली शिवण भरायला वेळ लागतो आणि जठराचा बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडायचं ऑपरेशन, केलेल्यांना त्या जोडावर अल्सर होऊ शकतो. ते म्हणाले, डबी बंद झाल्याशिवाय तारीख नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण पैसे घेऊन बसलेल्या गिऱ्हाइकाला थांब म्हणणारा माणूस आम्हाला टेबलावरनं बरोबर ओळखता येतो.

मग त्यांनी कागद उलटा केला आणि जठराची पिशवी काढली. तिच्यातनं एक उभी रेघ मारली. रेघेच्या एका बाजूचा पाऊण भाग, किंबहुना थोडा जास्तच, कापून बाहेर काढणार. तो परत बसवता येत नाही. या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात. रेघेवर स्टेपलच्या पिना बसतात; ती कुठं सुटून जठरातलं बाहेर पोटात झिरपलं तर ती गळती. वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथं जठराला मिळते त्याच्या जवळ, त्यांनी फुली मारली. "गळती झालीच तर बहुतेक वेळा इथं होते." मी काहीच विचारलं नव्हतं, तरी त्यांनी ती फुली मारली. तो कागद अजून माझ्या फाईलमध्ये आहे.

गळतीबद्दल तुम्हालाही विचारायचंय. स्लीव्हनंतर गळती साधारण शंभरात एक-दोन जणांना, चांगल्या ठिकाणी त्याहूनही कमी जणांना होते. मृत्यूचा धोका अनुभवी केंद्रात हजारात एकाच्या आसपास. "माझ्याकडं आजवर एकही नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर एकूण ऑपरेशनं किती केली ते विचारा. मोजकीच असतील, तर त्या उत्तराला काही वजन नाही. शेकडो असतील, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. चांगलं उत्तर असं असतं: इतक्या जणांना झाली, केव्हा कळली, काय केलं, माणूस किती दिवस ॲडमिट होता. हेही विचारा की हेच ऑपरेशन, याच दवाखान्यात, स्वतःच्या हातानं गेल्या वर्षी किती केली. पित्ताशयाची हजार केली असतील, पण त्यानं हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो. मोठ्या शहरातले नावाजलेले सर्जन रविवारी येतात, तीन-चार ऑपरेशनं उरकतात आणि रात्रीच्या गाडीनं परत जातात. हात चांगला असेल त्यांचा, माझी तक्रार नाही. पण सोमवारी सकाळी तुमची नाडी कोण बघणार? त्याला या ऑपरेशनचं किती कळतं? त्या स्थानिक सर्जनचं नाव विचारा आणि ऑपरेशनआधी त्याला प्रत्यक्ष भेटा. भेट होत नाही म्हणाले तर प्रश्न मिटला.

कोणतं ऑपरेशन, आणि माझ्यासाठी तेच का, याचं उत्तर तुमच्या पोटाकडं बघून आलं पाहिजे. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हा त्रास जुना असेल, तर स्लीव्हनं तो वाढू शकतो; अशांना बरेच सर्जन बायपास सुचवतात. म्हणून आधी एंडोस्कोपी. जुना, जास्त साखरेचा मधुमेह असेल तरी बायपासचा विचार होतो, पण मग जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची शिस्त आणखी कडक, आणि दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या मेडिकलमधनं परस्पर आणून खायच्या नाहीत. घोरत असाल तर झोपेची तपासणी. थायरॉईड, साखर, सोनोग्राफी, भूलतज्ज्ञाची भेट हे तर आलंच. प्रत्येकाला एकच ऑपरेशन सांगणारा सर्जन त्याला जमतं तेवढंच सांगत असतो.

किती किलो उतरेल, हेही ऐकून घ्या. माझ्या उंचीला ६० किलो धरलं तर ४४ किलो जादा होते. स्लीव्हनंतर काही वर्षांनी टिकून राहतं ते साधारण जादा वजनाच्या निम्म्याहून थोडं अधिक, म्हणजे माझ्या हिशेबानं पंचवीसच्या आसपास. पहिल्या वर्षी जास्त उतरतं, मग थोडं परत चढतं. सर्जननी हाच हिशेब मांडला होता. साठ किलोची गॅरंटी देणारे असतात, त्यांना ती गॅरंटी स्टॅम्पपेपरवर मागा आणि चेहरा बघा.

जुने पेशंट भेटवा म्हणून सांगा, पण तीन महिन्यांचे नकोत. तीन महिन्यांत सगळेच खूश असतात. चार-पाच वर्षं झालेला माणूस गाठा. केस किती गळले, उलट्या झाल्या का, गोळ्या अजून घेतो का, वजन परत किती आलं, आणि डॉक्टर आता ओळख देतात का, हे त्याला विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका.

दवाखाना बघताना लॉबीतल्या सोफ्यावर जाऊ नका. त्याच इमारतीत आयसीयू आहे का, रात्री सीटी स्कॅन आणि एंडोस्कोपी होते का, रक्त कुठनं येतं, आहारतज्ज्ञ कायमची आहे की फोनवरची, हे बघा. खर्च लेखी घ्या. एकदा वापरायची स्टेपलर काडतुसं हा बिलातला मोठा भाग असतो; ती नवी, सीलबंद वापरणार ना आणि वेष्टनावरची स्टिकरं फाईलला लावणार ना, असं मी सरळ विचारलं. कुणी रागावलं नाही. गुंतागुंत होऊन मुक्काम वाढला तर पॅकेजच्या बाहेर किती लागतील, हा आकडाही त्याच कागदावर हवा.

संमतीपत्र कन्नडमध्ये असेल किंवा इंग्रजीत, आणि ते सकाळी स्ट्रेचरवर हातात पडतं. आदल्या आठवड्यातच प्रत मागून घ्या. आमच्या संस्थेतल्या शिपाईमामांनी कन्नड संमतीपत्रावर भावाच्या ऑपरेशनला अशीच सही केली होती. वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. मराठीत समजावून सांगा म्हणणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी सीमाप्रश्न काढायची गरज नाही. ओपीडीत मराठी, कन्नड दोन्ही बोलणारी सिस्टर बहुतेक असतेच.

आता परत त्या दहाव्या रात्रीकडं. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. खानापूरकरांना बेळगाव जवळ, अथणीकरांना मिरज-सांगली. पुण्याचा सर्जन निवडलात तर निवडा, पण पहिले दोन आठवडे तिथंच एखाद्या नातेवाइकाकडं राहा. गळती पहिल्या काही दिवसांतही होते आणि घरी आल्यावरही. नाडी शंभराच्या वर जाऊन उतरत नाही, ताप, धाप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, पोटरी सुजणं, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, यातलं काहीही झालं तर लगेच सर्जनला फोन. "गॅस झाला आसल" म्हणून सोडा आणि ओवा देणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याला आधीच समज द्या. नाडी मोजायला घरात एकाला तरी शिकवून ठेवा, एकशेवीस दिसली तर फोनचीही वाट न बघता गाडी काढायची.

मला दिलेला रात्रीचा नंबर खरा आहे का, ते मी ऑपरेशनआधीच बघितलं. बीपीची गोळी आदल्या सकाळी घ्यायची का, असा खरा प्रश्न काढून रात्री साडेदहाला फोन लावला. ज्युनिअर डॉक्टरनी उचलला, माझं नाव विचारलं, सरांना विचारून परत फोन केला. मला एवढं पुरलं.

तुमच्या बाजूनंही लपवाछपवी नको. मिश्री, दारू, सिझेरियन, काढलेली गर्भपिशवी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, बाजारातनं आणलेलं वजन कमी करायचं चूर्ण, सगळं सांगा. मूल हवं असेल तर तेही, कारण ऑपरेशननंतर साधारण एक ते दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. ऑपरेशनआधी यकृत आक्रसायला दोनेक आठवडे कमी खाण्याचा पथ्यआहार देतात, तेव्हा जत्रेतलं जेवण झालं असेल तर तेही. आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचंय म्हणून रिपोर्ट मागितले की ज्याचा चेहरा पडतो, त्याच्याकडं परत जाऊ नका.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या, नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. तिचा फोटो मोबाईलमध्ये आणि एक प्रत तुमच्या गावातल्या डॉक्टरकडं ठेवा, म्हणजे अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तरी आत काय केलंय ते त्यांना कळेल. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर लागतात आणि रक्ततपासणी दर वर्षी. ती कुठं करायची, रिपोर्ट कुणी वाचायचा, बी१२ चं इंजेक्शन गावातल्या डॉक्टरनी दिलं तर चालेल का, हे तारीख घेण्याआधीच ठरवून त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.