ग्रॅव्हवर मराठी साइट: तुटलेली शिरोरेषा आणि एक कोलन

गिरगावातल्या जुन्या खाणावळींवर मी लिहितो, ती साइट ग्रॅव्ह या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. डेटाबेस नाही, प्रत्येक लेख म्हणजे एक फोल्डर आणि त्यात मार्कडाउनची, म्हणजे साध्या खुणा घालून लिहिलेल्या मजकुराची फाइल. बॅकअप घ्यायचा तर ‘यूझर’ फोल्डर कॉपी केला की झालं.

नवी थीम, म्हणजे साइटचं तयार रूप, लावली आणि मथळ्यांतली शिरोरेषा अक्षरागणिक तुटलेली दिसायला लागली. यात फॉन्टचा दोष नसतो. बऱ्याच थीममध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलेलं असतं. सुट्या रोमन अक्षरांना ते शोभतं, आपल्याकडे रेघच तुटते. ते शून्य केलं. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंचीही १.७ केली, कारण रफार आणि उकार वरखालच्या ओळींना भिडत होते. फॉन्ट घेतला ‘मुक्ता’. आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’चा, तोही मोफत.

हे बदल मूळ थीमच्या फाइलींत करू नका, अपडेट आलं की पुसले जातात. तिच्यावर आधारलेली वेगळी थीम करून सीएसएस, म्हणजे दिसण्याचे हे नियम, तिथे ठेवले, कॅशे (साठवलेली जुनी पानं) रिकामी केली.

दुसरा घोळ जास्त चिडवणारा. लेखाच्या फाइलीत वरच्या ‘शीर्षक’ रकान्यात ‘गिरगाव: मिसळ आणि पियूष’ लिहिलं की पान उघडेना. हे रकाने यामल नावाच्या पद्धतीत लिहिलेले असतात, आणि यामल कोलन आणि पुढची मोकळी जागा बघून नवा रकाना सुरू झाला असं धरतं. अख्खं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकलं, पान उघडलं.

फोल्डरचं नाव मात्र रोमनमध्येच ठेवतो, कारण तेच पानाच्या पत्त्यात येतं. देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला, की बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, आणि तसल्या लिंकवर आमच्या मावशी काही बोट ठेवत नाहीत.