पहिला ॲस्ट्रॉनॉमी कॅमेरा: अर्धं काम दिवसाउजेडी

दुर्बिणीचा कॅमेरा घरी आला, की त्याच रात्री गच्चीवर पळू नका. परभणी-हिंगोलीकडची पोरं विचारायला येतात, त्यांना मी आधी हेच सांगतो. अंधारात पडदा काळाकुट्ट दिसतो तेव्हा ड्रायव्हर बसला नाही, केबल सैल आहे, फोकस बाहेर आहे की गुरू ग्रह चौकटीतच नाही, यातलं काहीच कळत नाही. चारही वेळा काळं ते काळंच. एकेक शंका दिवसा मिटवली, तर रात्री फक्त शेवटची उरते.

ग्रहाचा एकच फोटो काढत नाहीत; व्हिडिओ रेकॉर्ड करून त्यातल्या चांगल्या फ्रेम एकावर एक चढवतात. त्यासाठीचं सॉफ्टवेअर तर कॅमेरा यायच्या आधीच शिकून घ्या. विंडोजवर शार्पकॅप, मॅक किंवा लिनक्स असेल तर फायरकॅप्चर. शार्पकॅपची फुकट आवृत्ती ग्रह-चंद्राच्या रेकॉर्डिंगला पुरते, पैसे भरायची घाई नको. त्यात ‘टेस्ट कॅमेरा’ नावाचे नकली कॅमेरे दिलेले आहेत. काहीही न जोडता एक्स्पोजर (एका फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ), गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हलवून बघता येतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलंच असतं, ते महिने यासाठी वापरा. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो वेधशाळेला ढगांची फिकीर नाही, ती गुरुत्वीय लहरी पकडणार. आपल्याला मात्र प्रकाशच लागतो.

कॅमेरा आल्यावर आधी कंपनीचा ड्रायव्हर टाका, मग केबल जोडा. पोर्ट यूएसबी ३चा हवा. शार्पकॅपमध्ये रंगाच्या खान्यात रॉ ८ (प्रक्रिया न केलेला ८ बिटी डेटा) आणि फाइलसाठी एसईआर हा व्हिडिओचा प्रकार निवडा. लॅपटॉप बॅटरीवर असला तर पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर फ्रेमचा वेग पडतो. खालच्या पट्टीवर ‘ड्रॉप्ड’ फ्रेमचा आकडा वाढताना दिसला, तर जुनी हार्ड डिस्क मागे पडतेय असं समजा. एसएसडी असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आता दुर्बीण बाहेर काढा आणि लांबचा मोबाइल टॉवर धरा. सूर्य पाठीमागे असू द्या, आणि दुर्बीण उघडी टाकून चहाला जाऊ नका; चुकून सूर्य आत आला तर कॅमेरा जातो, डोळा असेल तर डोळा. टॉवरच का? समजा ६ इंची, १२०० मिलिमीटर फोकल लेंग्थची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, हाताने वळवायची आरशाची दुर्बीण) आहे आणि आयएमएक्स ६६२ सेन्सरचा कॅमेरा आहे. सेन्सरची रुंदी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पडद्यावर चंद्राच्या निम्म्याएवढंच आभाळ येतं, आणि २ एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग) लावली की चतकोर. एवढ्याशा खिडकीत रात्री गुरू शोधायचा तर फाइंडर (मोठ्या दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) आधीच जुळलेला पाहिजे. टॉवरचं टोक पडद्याच्या मधोमध आणा, मग फाइंडरची फुली त्याच टोकावर बसवा. टॉवर दोनेक किलोमीटरवर असेल तर फोकसही जवळपास तिथेच लागतो. रात्री मिलिमीटरभर सरकवलं तरी पुष्कळ. फोकसरवर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

बार्लो कितीची, याचा सोपा हिशेब: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याची पाचपट करा, साधारण तेवढा एफ-रेशो (फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास) हवा. २.९ मायक्रॉनला एफ/१४.५ येतो. एफ/८ दुर्बिणीला २ एक्स लावली की एफ/१६, म्हणजे झालंच. ५ एक्सच्या मोहात पडू नका. नुसता अंधूक फुगा दिसतो.

ग्रहामागे आपोआप वळवणारी मोटर नसलेल्या दुर्बिणीवर ग्रहाचे फोटो निघत नाहीत, असं सांगणारे खूप भेटतील. ऐकू नका. वरच्या जोडणीत, २ एक्स बार्लो लावून, गुरू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला अर्धा मिनिट घेतो. कॅमेरा नळीत असा फिरवा, की गुरू लांब बाजूला समांतर सरकेल. मग कॅप्चर एरिया पूर्ण रुंदीचा, पण उंचीला फक्त चारशे-पाचशे पिक्सेल ठेवा. गुरू जेमतेम १८० पिक्सेलचा असतो, मावतो. १९२० बाय ४०० ची पट्टी, सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ७७ एमबी. गुरूला कडेबाहेर ठेवा, रेकॉर्ड दाबा, हात काढून घ्या, त्याला त्याच्या चालीने जाऊ द्या. पुन्हा पुढे सरकवा, पुन्हा तेच. नंतर पिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ग्रह मधोमध आणून देतं. मोटर असेल तर छोटी चौकट घेऊन सलग दोनेक मिनिटं रेकॉर्ड करा, जास्त नको. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, तेवढ्यातही पट्टे सरकलेले दिसतात.

एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा आणि हिस्टोग्राम निम्म्याच्या जरा पुढे जाईपर्यंत गेन वाढवा. चित्र दाणेदार दिसेल. दिसू द्या, हजार फ्रेम एकावर एक चढल्या की दाणे विरतात. एक्स्पोजर लांबवून आलेली थरथर मात्र कशानेच जात नाही. कॅमेऱ्यावर नुसती पारदर्शक काच असेल तर यूव्ही-आयआर कट (अतिनील-अवरक्त प्रकाश अडवणारा) फिल्टर घ्याच, रंग आणि धार दोन्ही सुधारतात.

जागेबद्दल एकच आग्रह: आरसीसी गच्ची टाळा. उन्हाळ्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि गुरू उकळत्या पाण्यातल्यासारखा हलतो. मातीचं माळवद असेल तर बरं, शेतातली मोकळी जमीन त्याहून बरी. रब्बीला पाणी द्यायला रात्री रानात जाणारं कुणी घरात असेल तर सोबतही होते. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. गुरू मिथुनेत असला की आपल्याकडे जवळजवळ माथ्यावरून जातो. मध्ये हवेचा थर कमी येतो, हे भाग्यच. पण डॉब्सोनियन नेमकी तिथेच वळवायला अवघड जाते, म्हणून तो साठ-सत्तर अंशांवर असताना काम उरका.

पिपमधून निघालेली फाइल फ्रेम एकावर एक चढवणाऱ्या ऑटोस्टॅकर्टमध्ये टाका, चांगल्या वीस-पंचवीस टक्के फ्रेम ठेवा, मग रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे (बारकावे धारदार करणारे) स्लायडर हळूहळू ओढा. गुरूच्या पट्ट्यांभोवती काळी-पांढरी कड दिसायला लागली की एक पाऊल मागे या. मूळ एसईआर फाइल लगेच उडवू नका. हात बसल्यावर तीच फाइल पुन्हा लावली तर निकाल बराच वेगळा येतो, आणि जागा हवीच असेल तर हलत्या हवेतल्या फाइली आधी काढा.