सोव्हिएत काळातले फोटो ओळखताना या चुका टाळा

सोव्हिएत काळातल्या रोजच्या जगण्याचे फोटो व्हॉट्सॲपवर सारखे फिरत असतात आणि त्यांखालच्या ओळी बऱ्याचदा दिल्या ठोकून अशाच असतात. फोटो बहुधा खरा असतो, गोंधळ ओळीत असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रांग दिसली की ‘पावासाठी रांग’ लिहून मोकळं होणं. टंचाई होती, 1990-91 मध्ये तर दुकानं ओस पडली होती. पण तेव्हाचा फोटो ब्रेझनेव्हच्या काळातला (1964-82) म्हणून खपवू नका. आधी लोकांच्या हातात काय आहे ते बघा. बरण्या-किटल्या असतील आणि पुढे चाकांवरची पिवळी टाकी उभी असेल, तर ती क्वाससाठीची रांग आहे. क्वास म्हणजे पाव आंबवून केलेलं उन्हाळ्यातलं पेय. मॉस्कोच्या पुश्किन चौकातली ती प्रसिद्ध लांबलचक रांग 31 जानेवारी 1990 ची. तिथे त्या दिवशी सोव्हिएत युनियनमधलं पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं. त्यात उपासमार कुठून आली?

‘कृष्णधवल म्हणजे जुना’ हाही गैरसमजच. ‘स्मेना’ किंवा ‘झेनित’ कॅमेऱ्यावर फोटो काढायचे आणि रात्री न्हाणीघरात लाल दिवा लावून स्वतःच प्रिंट करायचे, हा तिथला घरोघरचा छंद. घरी रंगीत प्रिंट करणं किचकट, म्हणून 1980 च्या दशकातले घरगुती अल्बमही बरेचसे कृष्णधवल. उलट प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराचे झळाळते रंगीत फोटो 1905 ते 1915 च्या दरम्यानचे, म्हणजे झारच्या काळातले, पण तेही ‘सोव्हिएत’ म्हणून फिरतात. पाटीवर शब्दांच्या शेवटी ъ हे अक्षर सारखं दिसलं तर ती लिहिण्याची पद्धत 1918 आधीची समजा.

साल ठरवताना गाडीवर फार विसंबू नका. ‘झिगुली’ दिसली तर फोटो 1970 च्या आधीचा नाही, एवढं नक्की. ‘पोबेदा’चं उत्पादन 1958 मध्ये थांबलं, पण त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर होत्या. त्यापेक्षा नाणं टाकून सोडा देणारं रस्त्यावरचं मशीन आणि त्यावरचे दर बघा: साधा सोडा 1 कोपेक (रुबलचा शंभरावा भाग), सरबत घातलेला 3. हे दर 1961 च्या चलनबदलानंतरचे. पैलूदार काचेचा ग्लास सगळ्यांना मिळून एकच. तो पालथा दाबून विसळायचा, पिऊन झालं की परत तिथेच ठेवायचा. आज अंगावर काटा येईल!

छापील फोटोंबाबत मात्र सावध राहा. 1931 मध्ये मॉस्कोतल्या फिलिपोव्ह या कामगार कुटुंबाच्या चोवीस तासांची चित्रमालिका जर्मन मासिकात छापून आली. माणसं खरी, पण त्यांचा दिवस प्रचाराला सोयीचा असा निवडून मांडलेला.

आणि सगळं ‘रशिया’ म्हणू नका. प्रजासत्ताकं 15 होती. पाटीवर जॉर्जियन लिपी असेल तर तिबिलिसीपासून शोध सुरू करा.

मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात शिकून आलेल्या काकांचा अल्बम घरी असेल, तर रंग लालसर झाले म्हणून लगेच ॲपचं ‘ऑटो’ बटण दाबू नका. मूळ स्कॅन टिफ (TIFF) या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात जपून ठेवा आणि रंग सुधारायचे ते प्रतीवर. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. गाव, साल, नावं बहुधा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात. एआयने रंगवलेल्या प्रतीवरून फ्रॉक कुठल्या रंगाचा होता, यावर वाद घालत बसू नका.