अपूर्णांकाचे दशांश रूप : या चुका टाळा

५/१२ चे दशांश रूप विचारले की वहीत तीन चुकीची उत्तरे हमखास दिसतात : २.४, ०.४१६ आणि ०.४१६ मधल्या ४१६ या तिन्ही अंकांवर आडवी रेघ (रेघ म्हणजे ते अंक पुन्हा पुन्हा येत राहतात).

२.४ म्हणजे सरळ उलटा भागाकार. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायची सवय इथे नडते. भाजक नेहमी छेदच. अंश छेदापेक्षा लहान असेल, तर उत्तर १ पेक्षा कमीच यायला हवे. एवढे पाहिले तरी ही चूक लगेच पकडता येते.

उरलेल्या दोन चुकांचे मूळ एकच : मुले भागाकारातले अंक पाहतात, बाकी पाहत नाहीत. ५० मध्ये बारा चोक अठ्ठेचाळीस, बाकी २. २० मध्ये बारा एके बारा, बाकी ८. ८० मध्ये बारा सक बाहत्तर, बाकी पुन्हा ८. आलेली बाकी परत आली, की तिथून पुढचे अंक फिरून तेच येणार. म्हणून रेघ फक्त ६ वर. ४ आणि १ एकदाच येतात. तिन्हींवर रेघ दिली तर ती संख्या ४१६/९९९ होते, आणि ०.४१६ वर थांबलात तर ४१६/१०००. प्रत्येक बाकी समासात लिहीत गेलात, तर रेघ कुठून सुरू करायची याचा अंदाज बांधावाच लागत नाही.

शून्य गाळण्याची चूकही नेहमीची. ३/४० मध्ये ३० ला भाग जात नाही, म्हणून दशांश चिन्हानंतर आधी ० लिहायचे, मग ३०० घ्यायचे. उत्तर ०.०७५, ०.७५ नव्हे, ते ३/४.

छेदाचे मूळ अवयव फक्त २ किंवा ५ असतील तर रूप खंडित, म्हणजे कुठेतरी संपणारे, हे बहुतेकांना पाठ असते. पण आधी संक्षिप्त रूप द्यायचे राहते. ६/१५ च्या छेदात ३ दिसला म्हणून ‘आवर्ती’ (तेच अंक न संपता फिरत राहणारे) लिहून मोकळे होऊ नका : ते २/५, म्हणजे ०.४.

कॅल्क्युलेटरवर तर डोळे झाकून विसंबू नका. २/३ साठी शेवटी ७ दिसला, तर तो पूर्णांकनाचा, म्हणजे पुढचे अंक सोडताना शेवटचा अंक वाढवल्याचा. १/१७ मध्ये १६ अंकांचा गट फिरतो. साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर तो मावतच नाही, आणि मुले ‘आवर्ती नाही’ असे ठोकून देतात. १७ ने भागताना शून्याखेरीज बाकी १ ते १६ यांपैकीच उरणार, मग ती कधीतरी परत येणारच.