सोमवारी डीएसटी लावायची असेल तर शुक्रवारीच काय काय बघून ठेवायचं

टीबीच्या कल्चर लॅबमध्ये (जिथे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवून तपासतात) नवीन लागलेल्या एलटी म्हणजे लॅब टेक्निशियन मंडळींसाठी लिहायलेय, जे आत्ताच ट्रेनिंग करून यायलेत त्यांच्यासाठी. एमजीआयटी मशीनवर (ट्यूबमधल्या द्रवात जंतू वाढतात का ते वाचणारं मशीन) लिक्विड डीएसटी, म्हणजे कोणतं औषध पेशंटच्या जंतूंवर चालतं ते बघायची टेस्ट, लावणं हे हाताने करायचं काम म्हणाल तर दोन-चार तासांचं, पण त्याच्या आधीची तयारी दोन-तीन दिवस चालते, आणि रिपोर्ट बिघडतो तो बहुतेक वेळा औषधामुळे नाही बिघडत, आपण ट्यूबमध्ये जे जंतू टाकले त्यांच्यामुळे बिघडतो. जास्त पडले, गाठी तशाच राहिल्या, सोबत दुसराच कोणता जंतू होता, नाहीतर कल्चर जुनं झालेलं. म्हणून माझी यादी औषधापासून सुरू होत नाही, कल्चरच्या ट्यूबपासून सुरू होते.

पहिल्यांदा तारीख मोजा. मशीनने ट्यूब पॉझिटिव्ह दाखवली तो दिवस शून्य, दुसऱ्या दिवशी डे १. डे १ आणि डे २ ला कल्चर आहे तसं वापरायचं, डे ३, ४ आणि ५ ला १ मिली कल्चर ४ मिली निर्जंतुक सलाईनमध्ये घालून वापरायचं, आणि डे ५ उलटला की ती ट्यूब डीएसटीला चालत नाही, नव्या ट्यूबमध्ये सबकल्चर करायचं आणि ती पॉझिटिव्ह व्हायची परत वाट बघायची. आता हिशोब करा, शुक्रवारची पॉझिटिव्ह ट्यूब सोमवारी डे ३ ला येते, गुरुवारची डे ४ ला, बुधवारची डे ५ ला, आणि मंगळवारची हातातून गेली. मधे सुट्ट्या आल्या, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळी, तर हा हिशोब सुट्टीच्या आधीच करून कोण कधी येणार ते ठरवून ठेवा, कारण सबकल्चर म्हणजे पेशंटचे अजून कितीतरी दिवस जातात आणि तेवढे दिवस तो कदाचित लागू न पडणारी गोळी खात असतो. पॉझिटिव्हची तारीख रजिस्टरला लिहाच, पण ट्यूबवर लिहायची असेल तर बारकोड सोडून लिहा.

मग ट्यूबमध्ये नेमकं काय वाढलंय ते. ट्यूब पॉझिटिव्ह झाली म्हणजे टीबीच वाढला असं नसतं, आतला कोणताही जंतू ऑक्सिजन वापरायला लागला की तळातला सेन्सर चमकतो आणि मशीन पॉझिटिव्ह म्हणतं. म्हणून शुक्रवारीच तीन गोष्टी उरकायच्या: झेडएन स्मिअर (काचेवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत) करून दोरीसारखे वळलेले जंतू दिसतात का बघायचं, ब्लड अगारच्या प्लेटवर (हिच्यावर दोन दिवसांत टीबी नाही, दुसरे जंतू उगवतात) एक थेंब ओढून ३५ ते ३७ डिग्रीला ४८ तास ठेवायचं, आणि एमपीटी६४ ची कार्ड टेस्ट लावायची जी पंधरा मिनिटांत सांगते की हा टीबीचाच गट आहे का. ब्लड अगारची प्लेट सोमवारी सकाळी पहिल्यांदा बघायची, तिच्यावर काही उगवलं असेल तर त्या पेशंटची डीएसटी त्या दिवशी लावायची नाही, कितीही फोन आले तरी. कारण काय होतं, ते दुसरे जंतू औषधांना जुमानत नाहीत, सगळ्या ट्यूबा पॉझिटिव्ह होतात, आणि रिपोर्टवर ओळीने रेझिस्टंट रेझिस्टंट येतं. एनटीएम, म्हणजे टीबीच्या जातकुळीतला पण टीबी नसलेला जंतू, असला तरी तेच. आणि तो रिपोर्ट खरा मानून पेशंटवर महिनोन्महिने जड औषधं चालू होऊ शकतात, ज्यांनी कुणाच्या पायाला मुंग्या येतात, कुणाची नजर कमी होते, कुणाचं रक्त कमी होतं. एका प्लेटचा प्रश्न असतो फक्त.

औषधांचं आता. फ्रीजरमधल्या स्टॉकच्या वायल काढायच्या आधी शुक्रवारी मोजून ठेवा, लॉट नंबर आणि एक्सपायरी बघा, आणि एकदा वितळवलेली वायल परत गोठवायची नाही, उरली तर टाकून द्यायची. रिफाम्पिसिन उजेडात ठेवू नका. किटमधली औषधं सोपी असतात, सांगितलेल्या मापाचं निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी घालून विरघळवायची, खरी काळजी लागते पावडरवरून बनवायच्या औषधांना. बेडाक्विलीन पाण्यात विरघळत नाही, त्याला डीएमएसओ नावाचं द्रावक लागतं, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन, डेलामॅनिडलाही तेच. ट्यूबमध्ये ७ मिली मीडियम (जंतू वाढायचं द्रव), ०.८ मिली सप्लिमेंट, ०.१ मिली औषध आणि ०.५ मिली जंतू, एकूण ८.४ मिली, म्हणजे आपण घातलेलं औषध ८४ पट पातळ होतं. बेडाक्विलीनची क्रिटिकल कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे औषधाच्या ज्या मात्रेत जंतू वाढले तर रेझिस्टंट म्हणायचं ती, १.० मायक्रोग्रॅम पर मिली आहे तर वर्किंग सोल्यूशन ८४ मायक्रोग्रॅम पर मिली पाहिजे. हे एकदा स्वतः कागदावर करून बघा, पाठ करू नका, म्हणजे दुसरं औषध आलं तरी अडणार नाही. वजन करताना पावडरच्या डबीवरची पोटन्सी धरायची, सगळी पावडर शंभर टक्के औषध नसते.

आणि भिंतीवर चिकटवलेला जुना तक्ता तपासा. रिफाम्पिसिनची एमजीआयटीवरची कॉन्सन्ट्रेशन आधी १.० होती, जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२१ मध्ये ०.५ केली. आयसोनियाझिड ०.१, लिवोफ्लॉक्सासिन १.०, लिनेझोलिड १.०, क्लोफाझिमिन १.०, डेलामॅनिड ०.०६, मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.२५ आणि त्याशिवाय डॉक्टरांना जास्त डोसचा निर्णय घ्यायला १.० वर वेगळी ट्यूब. २०२४ मध्ये आपल्याकडे बीपाल्म म्हणजे बेडाक्विलीन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिनची सहा महिन्यांची ट्रीटमेंट मंजूर झाली, तेव्हापासून या ट्यूबांचं महत्त्व लईच वाढलंय, चार औषधांपैकी एक जरी चालत नसलं आणि आपल्याला कळलं नाही तर उरलेली तीनही हातची जाऊ शकतात.

आपल्याकडच्या हवामानाचं वेगळं बघावं लागतं. एमजीआयटीच्या ट्यूबा २ ते २५ डिग्रीला आणि अंधारात ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात नांदेड-परभणीकडं बाहेर ४२-४३ असतं, एसी नसलेल्या स्टोअरमध्ये ठेवलेली पेटी म्हणजे गेली. माल कधी उतरला, उन्हात गाडीत किती वेळ होता, हे उतरवून घेणाऱ्याला विचारा. लाईट जाते म्हणून यूपीएस आणि जनरेटर दोन्ही शुक्रवारी चालू करून बघा, डिझेल किती आहे ते डोळ्यांनी बघा, कारण मशीनमधलं ३७ डिग्री ढळलं तर वाढ मंदावते. बायोसेफ्टी कॅबिनेटची हवा आणि खोलीचं निगेटिव्ह प्रेशर रोज लिहायचं असतं, सोमवारी लाईट जाऊन हवा बंद पडली तर हातातल्या ट्यूबा झाकून, काम थांबवून बाहेर यायचं, अर्धं काम संपवायचा मोह नको. पाण्याचं पण बघा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे सगळ्यांना आठवत असेल, तसा उन्हाळा लागला की ऑटोक्लेव्ह आणि डिस्टिल्ड वॉटरचा साठा पहिल्यांदा आटतो, आणि तेव्हाच कुणीतरी सलाईन न तपासता वापरतं. निर्जंतुक सलाईनच्या बाटल्या एक-दोन दिवस आधी १२१ डिग्रीला करून ठेवा, थंड होऊ द्या, गढूळ दिसली ती बाटली बाजूला.

सोमवारी लावताना क्रम बदलू नका. आधी सगळ्या ट्यूबांवर लेबल, मग सगळ्यांत सप्लिमेंट, कंट्रोलमध्ये (तुलनेसाठीची बिनऔषधाची ट्यूब) पण, मग औषध, प्रत्येक औषधाला वेगळं टिप आणि कंट्रोलमध्ये औषध नाही, आणि सगळ्यात शेवटी जंतू. कल्चरची ट्यूब नीट हलवली की ५ ते १० मिनिटं तशीच उभी ठेवायची म्हणजे गाठी खाली बसतात, वरचं पाणी घ्यायचं. पिठल्यात गाठी राहिल्या तर एका घासाला नुसतं पीठच येतं ना, तसंच एका ट्यूबला गाठ गेली की तिथे जंतू भरमसाठ आणि शेजारच्या ट्यूबला काहीच नाही, मग काय तुलना करणार. व्होर्टेक्स केल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही, आतला फवारा खाली बसू द्या. एन९५ तोंडाला नीट बसतो का ते आत जायच्या आधी तपासा, आत गेल्यावर तो हलवायला हात लावायचा नाही. एका पेशंटच्या ट्यूबा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याचं झाकण उघडायचं नाही. कॅरियरमध्ये (मशीनमध्ये ठेवायचा ट्यूबांचा स्टँड) कंट्रोलची ट्यूब पहिल्या जागेवर, बाकीच्या मशीनमध्ये नोंदवलेल्या क्रमानेच, एक ट्यूब इकडची तिकडे झाली तर आयसोनियाझिडचा निकाल रिफाम्पिसिनच्या नावावर जातो आणि मशीनला ते कळायचा काही मार्ग नाही.

कंट्रोलवर जरा थांबते, कारण नवीन लोक ही ट्यूब घाईत करतात. कंट्रोलमध्ये औषध नसतं पण जंतू शंभरपट पातळ करून टाकायचे, ०.१ मिली कल्चर १० मिली सलाईनमध्ये आणि त्यातलं ०.५ मिली. का, तर सगळी टेस्ट एक टक्क्याच्या नियमावर उभी आहे. औषधाच्या ट्यूबमध्ये शंभरपट जास्त जंतू आहेत, त्यातले एक टक्क्याहून जास्त जर औषधाला दाद देत नसतील तर ती ट्यूब कंट्रोलच्या बरोबरीने किंवा आधी वाढेल, आणि नसतील तर मागे राहील. मशीन दर तासाला वाचतं, कंट्रोलचे ग्रोथ युनिट (मशीनचा वाढीचा आकडा) ४०० झाले की औषधाच्या ट्यूबचे बघतं, १०० किंवा जास्त असतील तर रेझिस्टंट, कमी असतील तर सेन्सिटिव्ह. कंट्रोल ४ ते १३ दिवसांत ४०० ला पोचला पाहिजे. चार दिवसांच्या आत पोचला म्हणजे जंतू जास्त पडले किंवा दुसरंच काही वाढतंय, तेरा दिवसांत पोचला नाही म्हणजे कमी पडले किंवा मेलेले होते, दोन्ही वेळा मशीन निकाल देत नाही आणि आपल्याला परत लावावं लागतं. म्हणून ते ०.१ मिली डोळ्याने अंदाजाने नाही, कॅलिब्रेट केलेल्या पिपेटने. पिपेटच्या कॅलिब्रेशनची तारीख शुक्रवारीच बघा.

पायराझिनामाइडची ट्यूब वेगळीच आहे आणि तिच्यासाठी वेगळा वेळ काढा. हे औषध आम्लातच चालतं म्हणून त्याचं मीडियम पीएच ५.९ चं असतं, सप्लिमेंट पण वेगळं, आणि कंट्रोल शंभरपट नाही तर दहापट पातळ, ०.५ मिली कल्चर ४.५ मिली सलाईनमध्ये, वाट बघायची ती पण ४ ते २१ दिवस. इथे जंतू जास्त पडले तर ते स्वतःच मीडियमचं आम्ल कमी करून टाकतात, मग औषध चालत नाही आणि खोटा रेझिस्टंट येतो. सगळी औषधं सेन्सिटिव्ह आणि एकटं पायराझिनामाइड रेझिस्टंट असं आलं तर मी तरी एकदा परत लावल्याशिवाय सोडत नाही. परत तेच आलं तर गाईगुरांच्या टीबीचा, म्हणजे बोव्हिसचा विचार करायचा, तो जन्मतःच या औषधाला दाद देत नाही, आणि घरी जनावरं असणारी, कच्चं दूध पिणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत, तेवढं डॉक्टरांना कळवा.

प्रत्येक बॅचला एच३७आरव्ही, म्हणजे लॅबमधला ओळखीचा टीबीचा स्ट्रेन, लावायचाच, तो सगळ्या औषधांना सेन्सिटिव्ह यायला पाहिजे, नाही आला तर त्या दिवशीच्या पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे. जमलं तर माहीत असलेला एक रेझिस्टंट स्ट्रेन पण लावा, नाहीतर औषध घालायचं राहिलं काय आणि जास्त पडलं काय, एकाच बाजूचं कळतं.

फाइल काढून ठेवायची ती पण शुक्रवारीच. पेशंटचं सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (जंतूच्या जीनवरून टीबी आणि रिफाम्पिसिनचा रेझिस्टन्स सांगणाऱ्या टेस्ट) काय आलं होतं, एलपीएच्या (जीनमधले बदल दाखवणाऱ्या टेस्टच्या) पट्टीवर काय दिसलं होतं ते शेजारी ठेवा. कॅटजी जीनमधला बदल असेल तर आयसोनियाझिडचा रेझिस्टन्स बहुधा जबरदस्त असतो, नुसता आयएनएचए जीनमधला असेल तर कमी पातळीचा आणि सोबत इथिओनामाइड पण जातं. आणि सीबीनॅट रिफाम्पिसिन रेझिस्टंट म्हणतंय पण एमजीआयटी सेन्सिटिव्ह म्हणतंय असं आलं तर घाईने सेन्सिटिव्ह छापू नका. आरपीओबी जीनमधले काही बदल असे असतात की जंतू औषधात हळूहळू वाढतो आणि आपल्या मुदतीत ४००-१०० च्या हिशोबात येत नाही, पण पेशंटवर औषध मात्र नीट चालत नाही. अशा वेळी सिक्वेन्सिंगला पाठवायचं आणि डीटीओ (जिल्हा क्षयरोग अधिकारी) साहेबांना फोन करून सांगायचं.

फॉर्मवर निक्षय आयडी (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा नंबर), आधी टीबीची औषधं घेतलीत का, आणि चालू असलेला मोबाईल नंबर, हे तीन नसतील तर शुक्रवारी एसटीएसला (तालुक्याचे सिनियर ट्रीटमेंट सुपरवायझर) फोन करा. बीड, पाटोदा, धारूरकडचे पेशंट दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात जातात, आपला रिपोर्ट यायच्या वेळेला माणूस फडावर असतो. घरच्याचा, मुकादमाचा, कुणाचा तरी दुसरा नंबर घेऊन ठेवायला सांगा, आणि जिथे गेला तिथल्या जिल्ह्याला निक्षयवरून ट्रान्सफर करायला. किनवट, भोकरदनसारख्या लांबून येणारा नमुना बेडका आहे की नुसती लाळ, फाल्कन ट्यूब गळतेय का, आईस पॅक वितळले होते का, हे पण उतरवताना लिहून ठेवलं तर पुढे कंटॅमिनेशन झाल्यावर कारण शोधता येतं.

लावून झालं की उरलेलं कल्चर लगेच टाकू नका, क्रायोव्हायलमध्ये भरून उणे ७० ते ८० च्या फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीत न सुटणारं लेबल, लॅब नंबर आणि तारीख, आणि फ्रीजरच्या वहीत कोणत्या डब्यात कोणत्या खान्यात ते. रिपोर्टवर शंका आली की एनआरएलला (राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेला) पाठवायला तेच लागतं. बाकीच्या टिप्स आणि ट्यूबा ५ टक्के फिनॉलच्या डब्यातून ऑटोक्लेव्हला, कॅबिनेट पुसून पंधरा मिनिटं चालू ठेवून मग बंद, आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पॉझिटिव्ह ट्यूबांची यादी मशीनवरून काढून घ्यायची.