जुन्या लसूणघासातले तण: आधी अमरवेल, मग बाकीचे

लसूणघास हे चाऱ्याचे पीक एकदा नीट बसले की तीन-चार वर्षे कापण्या देते. पहिले दोन महिने निंदणी मन लावून होते, मग ‘आता घासच तणाला दाबेल’ म्हणून खुरपे बाजूला पडते. दाट घास तण दाबतोही. पण विरळ झाला की तिथे हरळी, केना, गाजरगवत हजर. म्हणून आधी तो विरळ का झाला ते बघा. बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असते: फार खालून किंवा फार लवकर कापणी, पावसाळ्यात वाफ्यात साचलेले पाणी, नाहीतर प्रत्येक कापणीनंतर युरियाची मूठ. घास हवेतला नत्र स्वतः धरतो, त्यामुळे युरियाचा फायदा गवतालाच जास्त. त्यापेक्षा स्फुरद द्या.

कापणी दहातले एखादे झाड फुलावर आले की करा आणि जमिनीपासून ५ ते ७ सेंमी ठेवा. पावसाळ्याआधी चर मोकळे करा.

तण काढायची खरी वेळ कापणीनंतरचे तीन-चार दिवस. तेव्हा ओळी उघड्या असतात. पेरणी ३० सेंमीच्या ओळीत असेल तर वापशावर (ओल बेताची असताना) सायकल कोळपे चालवा, ३ ते ५ सेंमीपेक्षा खोल नको, बुडख्याला कोळप्याची पास (पाते) लागली की तिथून कूज शिरते. कोळपल्यावर एक-दोन दिवस ऊन खाऊ द्या, मग पाणी. घाईने पाणी सोडले तर केना आणि घोळ उपटून पडल्या जागीच मुळ्या धरतात. ही दोन वेचून बाहेरच टाका. फेकून पेरलेल्या घासात कोळपे चालत नाही, तिथे खुरपेच.

हरळी एप्रिल-मेच्या उन्हात कुदळीने काश्यांसकट (जमिनीतल्या पसरत्या खोडांसकट) काढून वाळवा. लव्हाळ्याच्या मागे खोल खणत बसू नका: गाठींची साखळी तुटते आणि प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. त्याला सावली सोसत नाही, घास दाट ठेवणे हाच उपाय. कोवळा माठ, केना घासाबरोबर कापला गेला तर जनावरे खातात, त्यावर मजुरी घालवू नका. गाजरगवत मात्र चाऱ्यात येऊ देऊ नका, दूध कडवट होते.

अमरवेलीला अशी कोणतीच सवलत नाही. ही दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगणारी वेल. तिचे पिवळसर-केशरी, पाने नसलेले दोरे घासाच्या खोडाला वेटोळे घालतात. वेटोळे सोडवून पाहिले तर खोडाला टेकलेल्या बाजूला बारीक फोडांची रांग दिसते. ती तिची शोषणमुळे. एकदा ती रुतली की जमिनीतले मूळ वाळून जाते, म्हणून उपटून काही साधत नाही आणि खोडावर राहिलेला बोटभर तुकडाही पुन्हा वाढतो.

ठिपका दिसताच भोवती काठ्या रोवा. काठ्यांबाहेर आणखी दोन हात धरून, सर्वांत खालच्या वेटोळ्याच्या खालून, जमिनीलगत घास कापा. ५ ते ७ सेंमीचा नियम इथे लागू नाही. कापलेले थेट गोणीत भरा, ओढत नेऊ नका. त्या जागेवर वाळके पाचट पसरून जाळा. बुडखे बहुधा पुन्हा फुटतात. हे सारे पांढऱ्या फुलांचे झुबके येण्याआधी व्हायला हवे. बी धरले असेल तर गोणीतले सगळे जाळा. जनावरांपुढे किंवा उकिरड्यावर टाकू नका, कारण हे बी जनावराच्या पोटातून शाबूत बाहेर पडते आणि शेणखताबरोबर पुन्हा रानात येते. विळा धुवा, पाटाचे पाणी त्या वाफ्यातून पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नका आणि दर आठवड्याला ती जागा बघा.

पेंडिमेथॅलिन हे तणनाशक बी उगवताना अडवते, चढलेल्या वेलीला काही करत नाही. कोणतेही तणनाशक घेताना लेबलवर लसूणघासाचे नाव आणि फवारणीनंतर किती दिवस चारा घालायचा नाही ते वाचा. नाव नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारल्याशिवाय मारू नका. ऊस-ज्वारीत वापरलेला २,४-डी या तणनाशकाचा पंप घासावर आणू नका. वरवर धुतलेल्या टाकीतला अंशही घासाची पाने मुरडतो.

ओळीच्या एका फुटात दोन-तीनच बुडखे उरले असतील तर प्लॉट मोडा. मोकळ्या जागी घासाचेच बी टाकण्याचा मोह होतो, पण जुन्या घासाच्या मुळांतून-पानांतून उतरणारी द्रव्ये नव्या रोपांना नीट उठू देत नाहीत. तिथे मका, ज्वारी किंवा बाजरी घ्या. या तृणपिकांवर अमरवेल जगत नाही; उगवलेल्या रोपाला आठ-दहा दिवसांत आधार मिळाला नाही तर ते मरते. मात्र न उगवलेले बी जमिनीत दहा वर्षांहून अधिक टिकते, त्यामुळे पुन्हा घास लावाल तेव्हा तो दुसऱ्या तुकड्यात, आणि बी प्रमाणित.